सात नंबरच्या सीटचा बिघाड

पाकोळीत रोज सकाळी सगळ्यात आधी दस्तगीरभाई बसायचे, आणि बटण सारिका दाबायची. बारा वर्षं हा नेम होता. पार्कचं गेट साडेनऊला उघडायचं, त्यामुळे हे बघायला कुणी नसायचं, आणि बघितलं असतं तरी कुणाला त्यात विशेष वाटलं नसतं. एक माणूस बसला, उतरला, झालं.

पाकोळी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. विट्याच्या पुढं, जुन्या पवनचक्क्यांच्या माळावर झुळूक पार्क आहे, त्यातली ही सगळ्यात उंच गाडी. दोन टोकांना साठ-साठ मीटरचे सरळ उभे मनोरे, मध्ये सपाट रूळ, आणि त्या सपाट जागीच फलाट. गाडी रुळावर बसत नाही, रुळाखाली लटकते. अठ्ठावीस माणसं, पाय अधांतरी, छातीवर जाड पट्टा. कागदोपत्री तिचं नाव भलतंच भारी होतं, पण छताला उलट्या लटकणाऱ्या पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, माळावरच्या माणसांनी जन्मभर पाहिलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं.

रुळाच्या कडेची चुंबकं गाडीला ढकलतात. पहिल्या ढकलीत ती समोरच्या मनोऱ्यावर निम्म्यापर्यंत चढते, वेग संपला की आल्या वाटेनं उलटी खाली येते. फलाटातून जाता जाता चुंबकं पुन्हा ढकलतात, की मागच्या मनोऱ्यावर थोडी जास्त वर. असं पाच वेळा. झोक्यावरच्या मुलीला आपण मागून थोडं थोडं ढकलत उंच नेतो, त्याहून यात वेगळं काही नाही. शेवटी ती निघाली तिथंच येऊन थांबते. मध्येच वीज गेली तरी झुलत झुलत फलाटावरच येते, कारण तीच सगळ्यात खालची जागा.

दस्तगीरभाईंना तिचं हेच आवडायचं. "दुसऱ्या गाड्या वर अडकतात, शिडी लावून माणसं उतरवाय लागतात," ते म्हणायचे. "ही कशीही हिंडली तरी घरला येती."

दस्तगीर मुलाणी हाडाचे मेकॅनिक. सकाळी साडेसहाला मनोऱ्यावर चढायचे आणि एकेक बोल्ट हातोडीनं ठोकून त्याचा आवाज ऐकत खाली यायचे. मग पहिली फेरी व्हायची ती पाण्याच्या माणसांची. ही प्लास्टिकची धडं. आत पाणी भरलं की प्रत्येकाचं वजन सत्तर किलो. नियमाप्रमाणं तेवढं पुरेसं होतं. पण त्यानंतर दस्तगीरभाई सात नंबरच्या सीटवरचा पाण्याचा माणूस उतरवायचे आणि त्याच्या जागी स्वतः बसायचे. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

"मी आवळलेल्या बोल्टावर दुसऱ्याचं लेकरू बसणार," ते एकदा सारिकाला म्हणाले होते. "आधी मी, मग लोक."

सारिका वायदंडे तेव्हा तिकीट-खिडकीवरून नुकतीच पाकोळीच्या बटणावर आली होती. नवरा अपघातात गेलेला, दोन मुली शाळेत, आणि ऑपरेटरची जागा रिकामी. परीक्षा पास झाली, पण पहिल्या दिवशी बटणावर हात ठेवला आणि ते दाबवेना. अठ्ठावीस जीव एका बोटावर, हा विचार मनातून हलेना. दुसरा कुणी असता तर साहेबाकडे गेला असता. दस्तगीरभाईंनी माणसं उतरवली, स्वतः सात नंबरला बसले, आणि खालून ओरडून म्हणाले, "ताई, माझ्यावर दाबून बघा. काय झालंच तर एकटा मीच जाईन, तुम्हाला कोण बोलणार न्हाई." ती रडता रडता हसली आणि तिनं बटण दाबलं. तेव्हापासून तिच्या हातून लाखो माणसं वर गेली आणि खाली आली, कुणाला साधं खरचटलं नाही.

ती स्वतः मात्र एकदाही बसली नाही. उंचीची भीती, दुसरं काय. दस्तगीरभाईंना ठाऊक होतं, म्हणून तर मुद्दाम चिडवायचे. "एकदा तरी बसा की ताई." ती ठरलेलं उत्तर द्यायची, "मी बसले तर बटण कोण दाबायचं, भाई?"

दोन वर्षांपूर्वी पाकोळीला कान आले. पार्कातल्या लोकांनीच ठेवलेलं हे नाव. छातीवरच्या पट्ट्यात केसाएवढे बारीक तंतू विणलेले होते, आणि ते माणसाचं हृदय ऐकायचे. आता खुर्चीत बसलेल्या माणसाचं हृदय असं ऐकू येत नाही. प्रत्येक ठोक्याला रक्त ढकललं जातं तेव्हा सगळं शरीर अगदी सूतभर हलतं, पण आपल्या वजनाखाली ती हालचाल दबून जाते. पाकोळी उभ्या मनोऱ्यावर जाते तेव्हा तिला कुणी ढकलत नसतं की धरत नसतं. वर फेकलेल्या चेंडूसारखी ती आपल्या वेगानं जाते आणि परतते. तेवढे चार सेकंद आतल्या माणसाला वजनच उरत नाही. मग ती सूतभर हालचाल मोकळी होते, आणि तंतूंना ठोका न् ठोका लागतो. खालच्या वळणावर तेच शरीर चौपट जड होतं, की पुन्हा वर बिनवजनाचं. पाच झोके, पंचवीस-तीस ठोके. हृदयाची अशी परीक्षा इस्पितळातही घेत नाहीत.

कंपनीला हृदयाशी काही देणंघेणं नव्हतं. फार जणांना चक्कर येऊ लागली तर पुढची ढकल हलकी करायची, मजा येत असेल तर वाढवायची, एवढाच कानांचा उपयोग. पण परराज्यातल्या कुठल्याशा पार्कानं असल्या नोंदी विमावाल्यांना आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांना विकल्या, मजेसाठी झोके घेतलेल्या माणसांना नोकऱ्या मिळेनाशा झाल्या, आणि मोठा गदारोळ होऊन कायदा आला. गाडी थांबली की प्रवाशाची नोंद पुसायची. कुणाच्या शरीराबद्दल त्यातून काही वाचायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर परवाना रद्द. कायदा चांगला होता, सारिकालाही पटलेला.

पुसली जात नव्हती ती फक्त सकाळच्या चाचणीची नोंद. चाचणीत प्रवासी नसतातच, असं यंत्र धरून चालायचं; तिथं जे काही हललं ते यंत्राचंच, आणि ते दुरुस्तीच्या वहीत जायचं.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळच्या दुसऱ्या फेरीनंतर सारिकाच्या पडद्यावर ओळ उमटली: सीट ७, अनियमित कंप, तपासा.

दस्तगीरभाईंनी सीट तपासली. पट्ट्याचे तंतू बदलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ. त्यांनी सीटचे बोल्ट काढून नवे घातले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्यांनी अख्खा पट्टा उतरवून सांगलीहून नवा मागवला, तोवर एक आठवडा गेला. नवा पट्टा लागला, आणि ओळ आपली जिथल्या तिथं.

"दिवसभर सीट गुणी असती," दस्तगीरभाई डोकं खाजवत म्हणाले. "लोक बसले की तक्रार न्हाई. मी बसलो की कापाय लागती. माझ्यावरच डूख धरलाय जणू."

"तुम्ही फार लाडावून ठेवलीय तिला," सारिका म्हणाली, आणि दोघं हसले.

त्या गुरुवारी सात नंबरची सीट उघडून ठेवलेली होती, म्हणून दस्तगीरभाई नऊ नंबरला बसले. गाडी झुलली, परतली, थांबली. पडद्यावर ओळ आली: सीट ९, अनियमित कंप, तपासा. सारिकानं ती फलाटावरच्या कर्ण्यावरून वाचून दाखवली.

"म्हंजे बिघाड सीटमध्ये न्हाईच," दस्तगीरभाई खालून आनंदानं म्हणाले. "वायरिंगमध्ये हाय. रविवारी सगळं उस्तरतो."

सारिकाची नजर त्यांच्यावर खिळली होती. ते फलाटावरून पॅनेलच्या खोलीकडे येत होते, अकराच पायऱ्या, आणि सहाव्या पायरीवर कठडा धरून थांबले होते. गेले महिनाभर ते गुडघा दुखतो म्हणायचे. मनोऱ्यावरसुद्धा आता लिफ्टनं जायचे. बिघाड सातवरून नऊवर आपल्या पायांनी चालत गेला होता.

दुपारी डबा न खाता तिनं दुरुस्तीची वही उघडली आणि दोन वर्षांपूर्वीची सीट सातची रेघ काढली. सारख्या अंतरावर सारखी टोकं, शेतात ओळीनं रोपं लावावीत तशी. मग या महिन्याची काढली. टोकं बुटकी, चढताना रेंगाळणारी, आणि मधूनच एक रोप गायब. ती डॉक्टर नव्हती. पण बारा वर्षं यंत्राच्या रेघा बघण्यात गेली होती, आणि ही रेघ बिघडली होती हे कळायला डॉक्टर लागत नव्हता.

कागद घेऊन ती मॅनेजर रेवा सरनोबतकडे गेली. रेवा तिशीची, हुशार, माणसांना धरून असणारी. तिनं कागद पाहिला आणि आधी उठून दार लावलं.

"हा कुणाचा आहे ते मला सांगू नका," ती म्हणाली.

"मॅडम, तुम्हाला कळलंय."

"सारिकाताई, नाव घेतलं की हा आजाराचा कागद होतो. आजाराचा कागद आपल्याकडे सापडला की परवाना जातो. चारशे माणसं घरी बसतील, तुम्ही आणि मी सगळ्यात आधी. सीट खराब आहे म्हणून मी सीट बंद करू शकते. माणसाबद्दल मला तोंड उघडता येत नाही." तिचा आवाज खाली आला. "मलाही बरं वाटत नाहीये."

सारिकानं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "ऑपरेटरला बिघाडाची शंका आली तर तो गाडी थांबवू शकतो. कारण न देता. आहे ना नियमात?"

"आहे."

"मग झालं तर."

शुक्रवारी सकाळी पाण्याची माणसं वर जाऊन आली. सीट सात परत जुळली होती. दस्तगीरभाईंनी पाण्याचा माणूस उतरवला, स्वतः बसले, पट्टा दोनदा ओढून बघितला आणि अंगठा वर केला. सारिकानं बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

त्यांनी परत अंगठा दाखवला. मग मान वळवून खोलीकडे बघितलं. सारिका खाली उतरून फलाटावर गेली.

"उतरा भाई."

"का वो?"

"बिघाड आहे."

"कशात?"

नाव घ्यायचं नव्हतं. "परवा सातला होता. काल नऊला होता. आज तुम्ही कुठं बसाल, सांगा."

दस्तगीरभाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ते कितीतरी वेळ आपल्या लोंबणाऱ्या बुटांकडे बघत राहिले.

"तुम्ही डॉक्टर झाला काय, ताई?"

"मी ऑपरेटर आहे. ऑपरेटरनं थांबवली की गाडी थांबते. हे तुम्हीच शिकवलंत."

"दसऱ्यापासनं वर गेलं की डोळ्यापुढं अंधारी येती," ते शेवटी म्हणाले. आवाज चिडलेला होता, पण तिच्यावर नव्हे. "कुणाला बोललो न्हाई. बोललो तर मला उतरवणार, म्हाईत होतं. आणि मी न्हाई बसलो तर कोण बसणार? आपण खाली उभं ऱ्हायचं आणि लोकांची पोरं वर धाडायची, हे माझ्यानं व्हायचं न्हाई. तुम्ही दाबा बटण."

"नाही दाबणार."

"ताई."

"भाई, मी पहिलं बटण तुमच्यावर दाबलं. शेवटचंही तुमच्यावरच दाबायला लावू नका."

त्यांनी पट्टा काढला. हातोडी उचलली, तिच्याकडे न बघता गेटच्या दिशेनं चालू लागले. बारा वर्षांत ते पहिल्यांदाच काही न बोलता गेले. सारिकानं 'दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी लावली, खोलीत येऊन दार लोटलं आणि मनसोक्त रडली. मग डोळे पुसून त्यांच्या बायकोला, शमाभाभींना, फोन केला. "भाभी, भाईंना आजच्या आज मिरजेला घेऊन जा. का, ते विचारू नका." भाभींनी विचारलं नाही. म्हणाल्या, "मीच कधीची मागं लागलेय. आता बघतेच."

भाईंच्या हृदयातून रक्त बाहेर पडायच्या दारावरची झडप अरुंद झाली होती, दाभणाच्या भोकाएवढी वाट उरलेली. चौपट जड झालेलं रक्त त्या वाटेनं रोज सकाळी पाच वेळा ढकललं जात होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं, जड काम करता का? दस्तगीरभाई म्हणाले, न्हाई, नुसता बसून असतो. हा किस्सा शमाभाभींनी फोनवर सांगितला तेव्हा सारिकाच्या जिवात जीव आला, कारण त्या हसत सांगत होत्या. मांडीतल्या शिरेतून नवी झडप बसवली होती. चौथ्या दिवशी ते घरी चालत आले. सांभाळून राहिले तर वीस वर्षं काळजी नाही, फक्त पुन्हा कधी पाकोळीत बसायचं नाही.

सारिकाला त्यांनी फोन केला नाही. तिनंही केला नाही. रागावलेला का असेना, माणूस आहे, एवढ्यावर ती रोज रात्री देवाला हात जोडत होती.

पाकोळी पुन्हा चालू झाली होती. सांगलीहून आलेला मेकॅनिक बोल्ट नीट ठोकायचा, पाण्याची माणसं नीट वर जाऊन यायची, आणि साडेनऊला गेट उघडायचं. दुसऱ्या फेरीचं सारिकानं विचारून बघितलं. "नियमात आहे का?" मेकॅनिक म्हणाला. नव्हतं. तेव्हा रोज सकाळी सारिका फलाटावर जाऊन सात नंबरच्या सीटपुढं उभी राहायची, वर मनोऱ्याकडे बघायची, आणि तळव्यांना घाम फुटला की परत फिरायची. मग दिवसभर लोकांच्या पट्ट्यांवरून दोनदा हात फिरवताना तिला खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

सहाव्या आठवड्यात दस्तगीरभाई कामावर आले. वजन उतरलेलं, दाढी पांढरी झालेली. काम हलकं: पॅनेलच्या खोलीत बसायचं. अकरा पायऱ्या ते न थांबता चढून आले, आणि पहिलं वाक्य बोलले, "सकाळी कोण बसतंय?"

सारिकानं मान खाली घातली. "कुणी नाही."

"हं," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. बोलले असते तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाण्याची माणसं जाऊन आली. सारिका उठली, खाली गेली, सात नंबरच्या सीटवरचं सत्तर किलोचं धड मेकॅनिकच्या मदतीनं उतरवलं आणि त्या जागी बसली. पट्टा ओढला. पुन्हा ओढला. पाय जमिनीवरून सुटल्यावर तिला इतकी भीती वाटली की तिनं डोळे मिटून घेतले.

फलाटावरचा कर्णा खरखरला. दस्तगीरभाईंचा आवाज आला. "ताई, तुम्ही बसला तर बटण कोण दाबायचं?"

"तुम्ही आहात की," ती म्हणाली. ते त्यांना ऐकू गेलं नसणार, म्हणून तिनं अंगठा वर केला.

गाडी सुटली. पहिला मनोरा कधी आला, कधी गेला, तिला कळलं नाही. नुसतं ओरडणं ऐकू आलं आणि ते आपलंच आहे हे मागाहून लक्षात आलं. दुसऱ्यांदा खालच्या वळणावर अंग शिशासारखं जड झालं, हात उचलेना. हे भाई रोज सोसत होते, त्या झडपेवर. तिसऱ्या झोक्याला तिनं डोळे उघडले. गाडी आकाशाकडे तोंड करून जात होती, आणि एकाएकी वजन गेलं. आवाज गेला. पवनचक्क्या, माळ, कडेचं तळं, सगळं पायाखाली, आणि छातीवरच्या पट्ट्यात स्वतःचे ठोके. किती माणसांना तिनं इथवर धाडलं होतं. त्या प्रत्येकाच्या आधी एक माणूस इथं येऊन बघून गेला होता की वाट ठीक आहे. ती आपल्याच तोंडानं म्हणाली, "भाई, लई उपकार तुमचे." ऐकायला वर कुणी नव्हतं. मग ती खाली आली, आणि अजून दोनदा गेली, आणि अखेर फलाटावर थांबली, जशी ती गाडी थांबतेच.

कर्णा पुन्हा खरखरला. "सीट सात," दस्तगीरभाई म्हणाले. "जोरात ठोके पडायलेत, पण सगळे जागच्या जागी हायत. बिघाड न्हाई."

"नाव घेऊ नका, भाई," ती खालून ओरडली. "कायदा आहे."

अकरा पायऱ्या चढायला तिला या खेपेला कठडा लागला. खोलीत दस्तगीरभाई बटणाजवळ बसले होते, आणि बटणावरून काढलेला हात त्यांनी दुसऱ्या हातात घट्ट धरला होता. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. दोघं आळीपाळीनं पाणी प्यायले.

"बारा वर्षं रोज बसलात," ती म्हणाली. "तुम्हाला भीती कधी वाटली नाही?"

दस्तगीरभाईंनी तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं.

"कशापायी वाटंल?" ते म्हणाले. "बटणावर तुम्ही होता की."

घड्याळात साडेनऊ होत आले होते. सारिकानं डोळे पुसले, खुर्ची पॅनेलजवळ ओढली आणि गेटवरच्या माणसाला सांगितलं, "उघड आता. सोड लोकांना."